बुटात खडा नाही, तरी टोचतो

नमस्कार ताई,

मी ४७ वर्षांची आहे, सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गेले चार महिने उजव्या पायाच्या चवड्यात, मधलं बोट आणि त्याच्या पलीकडचं बोट यांच्या मधोमध असं काही टोचतं, की बुटात खडा गेला असेल म्हणून मी दहादा बूट काढून झटकते. खडा नसतो. शाळेत बंद बेली घालते. तिसऱ्या तासापर्यंत ठीक असतं, मग विजेचा झटका बसावा तशी कळ बोटांच्या टोकापर्यंत जाते आणि दोन्ही बोटं बधिर होतात. वर्गातच बूट काढून पाय चोळला की पाच मिनिटांत बरं वाटतं. पोरं टकामका बघत राहतात.

शुगर नॉर्मल आहे, एक्सरेत काही निघालं नाही. युरिक ॲसिड जरा काठावर आलं, म्हणून शेजारच्या वहिनींनी डाळ, टोमॅटो, पालक बंद करायला लावलं. दोन महिने झाले, फरक शून्य. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवते, रात्री काशाच्या वाटीने तळपाय घासते, घरात ॲक्युप्रेशरच्या टोचऱ्या चपला घालते, मेडिकलमधून आणलेल्या 'शिरांच्या' गोळ्याही चालू आहेत. आता एक जण म्हणाले, ही गाठ आहे, ऑपरेशनशिवाय जाणार नाही. तेव्हापासून झोप लागत नाही.

दरवर्षी रजा टाकून मी नातेपुत्यापासून पंढरपूरपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चालते. यंदा चालता येईल का? घरच्या घरी काय करू?

— एक वाचक

*

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यावर थांबले. 'वर्गातच बूट काढून पाय चोळला की पाच मिनिटांत बरं वाटतं.' तुमच्या दुखण्याचा अर्धा उलगडा इथेच होतो. टाच दुखणारा माणूस सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकवायला घाबरतो. कमरेतून शीर दबलेला माणूस कंबर धरतो. गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचा, झटका आलेल्याला तर अंगठ्यावर चादरही सहन होत नाही, सांधा लालबुंद आणि गरम झालेला असतो. भर कामात, चारचौघांत बूट काढून दोन बोटांमधली जागा चोळाविशी वाटणं, ही खूण आम्ही फिजिओथेरपीवाले फार मोलाची मानतो. तिच्या जोडीला खडा अडकल्यासारखं वाटणं, करंट आणि नेमकी तीच दोन बोटं बधिर होणं, हे सगळं असलं की पहिलं नाव मनात येतं ते मॉर्टन्स न्यूरोमाचं, म्हणजे बोटांकडे जाणारा मज्जातंतू चवड्यात चेंगरून जाड होण्याचं.

तुमचा पाय मी हातात घेऊन बघितलेला नाही, म्हणून शिक्का मारत नाही. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडून एकदा हाताने तपासून घ्या. चवडा दोन्ही बाजूंनी आवळून मधल्या जागेत अंगठ्याने दाबलं की तुमची ओळखीची कळ उठते का, कधी कधी आत 'टक्' असं काही सरकतं का, हे ते बघतील. मात्र पुढे जे सांगते आहे, त्यासाठी त्या तपासणीची वाट बघायची गरज नाही.

आधी त्या 'गाठी'बद्दल, कारण तुमची झोप तिने उडवली आहे. न्यूरोमा या नावामुळे ट्यूमरची भीती वाटते, पण हा ट्यूमर नाही आणि कॅन्सर तर नाहीच. फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टन या सर्जनने १८७६ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं आणि त्याचं नाव चिकटलं. त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या पायांची काळजी घेणाऱ्या लुईस डर्लाकरने याबद्दल लिहून ठेवलं होतं. सांगायचं कारण इतकंच, की तुम्हाला काही जगावेगळं झालेलं नाही. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे बरंच जास्त दिसतं आणि आवळ बुटांशी त्याचं नातं जुनं आहे.

आत काय होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे कुठला उपाय का करायचा हे कोणाला विचारावं लागणार नाही. चवड्यात पाच लांब हाडं शेजारी शेजारी असतात. त्यांच्या टोकांना एकत्र बांधणारा एक आडवा, चिवट पट्टा असतो. बोटांना संवेदना देणारे मज्जातंतू त्या पट्ट्याच्या खालून, हाडांच्या मधल्या फटीतून बोटांकडे जातात. (आपण बोलताना रक्ताच्या नळीलाही शीर म्हणतो आणि मज्जातंतूलाही. तुमचं दुखणं मज्जातंतूचं आहे, रक्तवाहिनीचं नव्हे.) निमुळता बूट दोन्ही बाजूंनी हाडं जवळ ढकलतो, तेव्हा ही फट अरुंद होते. टाच उचलून चवड्यावर भार आला आणि बोटं वर वळली, की तंतू त्या पट्ट्याच्या कडेवर ताणला जातो. दिवसातून हजारो वेळा असं झालं की तंतूभोवतीचं आवरण जाड होतं. जाड झालं की त्याच फटीत आणखी दाटी. हे बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्येच होतं, म्हणजे तुम्ही सांगितलं आहे तिथेच.

एक्सरेत काही दिसलं नाही, कारण एक्सरे हाडं दाखवतो. तरी तो काढलात हे चांगलं केलंत. हाडाला बारीक चीर नाही ना, याचा अंदाज त्यातून येतो. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये जाड झालेला तंतू दिसू शकतो, पण आज लगेच त्यासाठी धावू नका. एमआरआयमध्ये न्यूरोमा दिसतो आणि पायाला काडीचाही त्रास नाही, अशीही माणसं असतात. आपल्याला उपचार तुमच्या पायावर करायचे आहेत, फोटोवर नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही आजवर जे जे केलंत ते सगळं संध्याकाळी घरी येऊन केलंत. दिवसभर सहा तास ज्या बुटात तो तंतू चेंगरला जातो, त्या बुटाला मात्र हात लावला नाहीत. बेली म्हणजे पुढून निमुळती, तळ कागदासारखा पातळ आणि पायावर टिकून राहावी म्हणून मुळातच घट्ट. मला विचाराल तर तुमच्या उपचाराचा मोठा हिस्सा हा बूट बदलण्याचा आहे. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

आज संध्याकाळीच एक करून बघा. संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि खरं माप तेव्हाच मिळतं. वहीचा मोठा कागद फरशीवर ठेवा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा आणि घरातल्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ ओढायला सांगा. आता त्या रेघेवर तुमची बेली ठेवा. मी दवाखान्यात हे करते तेव्हा बहुतेक बायका गप्प होतात. पायाची रेघ बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत असते, करंगळीकडे तर चांगली बोटभर. जो भाग बाहेर दिसतो, तो रोज आत कोंबला जातो.

हाच कागद घडी घालून पर्समध्ये टाका आणि दुकानात जा. बुटातला सुटा तळ काढून त्या रेघेवर ठेवा, पायाची रेघ त्याच्या आत बसली पाहिजे. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवी. आत पाचही बोटं हलवता आली पाहिजेत, नुसती मावून चालत नाही. टाचेची उंची कमी, तळ जाड आणि मऊ. बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मध्यावर दुमडला जाऊ नये आणि फडक्यासारखा पिळलाही जाऊ नये. वर लेस किंवा वेल्क्रोचा पट्टा असेल तर उत्तम, म्हणजे पाय मागे धरून ठेवला जातो आणि पुढे घसरून बोटं चेपत नाहीत. बायकांच्या बुटांत अशी रुंदी मिळाली नाही तर पुरुषांच्या रॅकवर खुशाल बघा. साडीखाली स्पोर्ट्स शूज कसे दिसतील, हा प्रश्न तुमच्या मनात येणार हे मला माहीत आहे. कदाचित मुख्याध्यापकांशी एकदा बोलावंही लागेल. बोला. चार महिने वर्गात कळ सोसून उभं राहणाऱ्या बाईंनी बूट बदलले तर कोणी नावं ठेवू नयेत, आणि ठेवली तर ठेवू देत.

जोडव्यांचंही सांगते, कारण हे कोणी विचारत नाही. बंद बुटात आधीच जागा अपुरी, त्यात बोटात जाड जोडवी असली की दाटी वाढते. शाळेच्या वेळात ती काढून ठेवून बघा, नाहीतर पातळ तारेची घाला. घरी आल्यावर हवी तर पुन्हा घाला. ज्यांना काढणं पटत नाही त्यांच्यावर मी जबरदस्ती करत नाही, पण मग बूट आणखी रुंद हवा.

घरात अनवाणी कडक फरशीवर चालणं सध्या बंद. स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही असा दंडक असेल, तर फक्त घरासाठी वेगळी, धुतलेली, जाड आणि मऊ तळाची स्लीपर ठेवा. तेही नको असेल तर ओट्यापुढे, जिथे तुम्ही पोळ्या करताना तासभर उभ्या राहता, तिथे जाड रबरी चटई टाका. कोल्हापुरी चप्पल पुढून मोकळी असते हे खरं, पण तिचा तळ कडक असतो आणि चवड्याला गादी मिळत नाही. सणाला, तासाभरासाठी घाला. रोजची नको.

दुसरा उपाय पॅडचा. तो नीट लागला तर काही दिवसांतच फरक जाणवतो आणि चुकीच्या जागी लागला तर दुखणं वाढतं. म्हणून इथे जरा सावकाश वाचा. मेटाटार्सल पॅड म्हणजे लिंबाची फोड पालथी ठेवावी तसा, मध्ये फुगीर असलेला फेल्टचा किंवा सिलिकॉनचा छोटा उंचवटा. सर्जिकलच्या दुकानात मिळतो. तो दुखऱ्या जागेच्या खाली लावायचा नसतो. दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेच्या बाजूला लावायचा असतो. तिथून तो हाडांना अलगद उचलतो, त्यांची टोकं किंचित फाकतात आणि मधल्या तंतूवरचा भार कमी होतो. माझ्याकडे साडीच्या दुकानात काम करणाऱ्या एक बाई यायच्या. दुखतं तिथेच मऊ काहीतरी हवं असं समजून त्यांनी थेट कळ येते त्या जागेवर पॅड चिकटवला होता. आठवड्याने आल्या त्या लंगडतच. तोच पॅड आम्ही बोटभर मागे सरकवला. त्याच दुपारी त्यांनी काउंटरमागे उभं राहून काम केलं आणि संध्याकाळी फोन करून तसं सांगितलं.

जागा शोधण्याची सोपी युक्ती. पायाचं बोट सोडून थोडं मागे चाचपा, जिथे दाबल्यावर नेमकी कळ येते तिथे ओल्या कुंकवाचा किंवा लिपस्टिकचा ठिपका लावा. बुटातला सुटा तळ जमिनीवर ठेवा, टाच बरोबर टाचेच्या खोबणीत बसवा आणि त्यावर उभ्या राहा. पाय उचला. तळावर लाल खूण उमटलेली असेल. पॅडची पुढची कड त्या खुणेच्या जरा मागे येईल असा तो ठेवा. लगेच कायमचा चिकटवू नका, आधी टेपने लावा. पहिल्या दिवशी तासभरच घालून घरात चाला. पायाखाली काहीतरी आहे असं जाणवेल, ते दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडतं. पण ते 'काहीतरी' टोचत असेल, तर पाव इंच मागे किंवा बाजूला सरकवून बघा. दोन-चार प्रयत्नांत जागा सापडते. फार जाड पॅडने सुरुवात करू नका.

तुमच्या सध्याच्या उपायांपैकी एक आजच बंद करा, त्या टोचऱ्या चपला. चेंगरलेल्या तंतूला वरून खिळे टोचून आराम मिळत नाही. काशाच्या वाटीचं तसं नाही. तुपाचा हात लावून टाचेवर, तळव्याच्या खोलगट भागात वाटी फिरवली की पोटऱ्यांपर्यंत सैल वाटतं, झोप चांगली लागते. ते मी तोडणार नाही. फक्त चवड्यावरची ती जागा सोडून द्या, वाटीची कड तिथे रगडू नका. गरम पाण्याचंही तेच. दुखणाऱ्या स्नायूंना बरं वाटतं, तंतूची दाटी त्याने कमी होत नाही. दिवसभर उभं राहून आल्यावर पाय ठणकत असेल तर गरमपेक्षा गार जास्त उपयोगी पडतं. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवा, मोजा घालून किंवा बाटलीला फडकं गुंडाळून, खुर्चीत बसून ती तळव्याखाली दहा मिनिटं हळूहळू मागेपुढे फिरवा. उघड्या कातडीवर बर्फ नको.

डाळ पुन्हा सुरू करा. खरंच. तुमचं दुखणं गाऊटसारखं वागत नाही, आणि गाऊट असणाऱ्यांनासुद्धा डाळी-पालेभाज्यांपेक्षा मांस, काही मासे आणि दारू यांचाच जास्त विचार करावा लागतो. तुमच्या ताटातून दोन महिने जे प्रोटीन गेलं त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. 'शिरांच्या' गोळ्या म्हणजे बहुधा बी जीवनसत्त्वांच्या. त्यांचा उपयोग कमतरता असेल तर होतो. शाकाहारी असाल तर रक्तातलं बी १२ एकदा जरूर तपासून घ्या आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस भरून काढा. पण वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने त्या घेऊ नका. त्यातलं बी ६ जास्त प्रमाणात, दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच मज्जातंतूंना इजा होते आणि हातापायांना मुंग्या येतात. दुखऱ्या दिवशी डायक्लोफेनॅकचं मलम लावायला हरकत नाही. तोंडाने घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, ॲसिडिटी, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर नक्कीच.

शरीराच्या काही ठेवणी आहेत, ज्या आपल्या घरांत रोजच्या आहेत आणि या दुखण्याला मात्र वाईट. उकिडवं बसून धुणं धुताना किंवा केर काढताना ज्यांच्या टाचा उचललेल्या राहतात, त्यांचा सगळा भार वळलेल्या बोटांवर आणि चवड्यावर येतो. तंतू त्या पट्ट्यावर ताणला जातो तो नेमका असाच. सध्या स्टूल घ्या, लांब दांड्याचा झाडू घ्या. सूर्यनमस्कार घालत असाल तर मागचा पाय बोटं वळवून टेकवण्याच्या स्थिती दोन महिने टाळा. शाळेत पीटीच्या तासाला चवड्यांवर उड्या मारून दाखवायच्या असतील, तर ते काम वर्गातल्या एखाद्या चपळ मुलीला द्या. आणि संपूर्ण तास उभं राहायचं व्रत सोडा. शिकवताना मध्ये मध्ये खुर्चीवर टेकलात तर मुलांचं काही अडत नाही.

व्यायाम दोनच सांगते, पण रोज करा. पोटऱ्या आखडलेल्या असल्या की टाच लवकर उचलली जाते आणि भार चवड्यावर सरकतो. त्यामुळे दुखतं पायाच्या पुढे आणि ताणायचं मागे, याचं नवल वाटू देऊ नका. भिंतीला हात टेका, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ. पोटरीत ताण जाणवेपर्यंत पुढे झुका, तीस सेकंद थांबा. तीन वेळा. मग तसंच गुडघा किंचित वाकवून तीन वेळा. सकाळी चहा उकळेपर्यंत होतं. दुसरा, खुर्चीत बसून पायाची बोटं पंखा उघडल्यासारखी फाकवायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. पहिल्यांदा काही हलणार नाही. वर्षानुवर्षं बुटात बांधलेली बोटं फाकायचं विसरलेली असतात. हाताने मदत करा. आठवड्याभरात जमायला लागतं. व्यायामाने करंट येत असेल तर ताण कमी करा, रेटून करू नका.

फरक कधी दिसेल? बूट आणि पॅड नीट जमले तर दोन-तीन आठवड्यांत झटके कमी वेळा येतात. तुमच्या बाबतीत बघायची खूण सोपी आहे. सध्या तिसऱ्या तासाला कळ येते, ती आधी पाचव्या तासावर आणि मग सुटल्यानंतर गेली पाहिजे. कॅलेंडरवर रोज फक्त तासाचा आकडा लिहा. बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, कधी थोडा उरतोही. एकूण दोन-तीन महिने मनाशी धरा.

एवढं करूनही तीन महिन्यांत काही हललं नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. तेव्हा सोनोग्राफीला अर्थ आहे. स्टेरॉइडचं इंजेक्शन त्या फटीत देतात, त्याने अनेकांना काही महिने चांगला आराम मिळतो आणि त्या काळात बूट-व्यायामाचा जम बसतो. वारंवार मात्र देत नाहीत, कारण त्याने चवड्याखालची चरबीची नैसर्गिक गादी झिजू शकते. ऑपरेशन सगळ्यात शेवटचं. त्यात बहुधा तो जाड झालेला तंतूच काढतात, त्यामुळे त्या दोन बोटांच्या मधली जागा कायमची बधिर राहते, आणि थोड्या जणांना कापलेल्या टोकाशी पुन्हा दुखणं सुरू होतं. ज्यांना खरंच गरज असते त्यांना ते बरं करतंही. पण ज्या माणसाने अजून बूटसुद्धा बदललेला नाही, त्याला 'ऑपरेशनशिवाय जाणार नाही' असं सांगणं मला अजिबात पटत नाही.

हे वाचून बाकीचेही आपापल्या पायावर ताडून बघतील, त्यांच्यासाठी थोडं. दोन्ही पायांची जळजळ होत असेल, मोजे घातल्यासारखा बधिरपणा तळव्यांपासून वर चढत असेल, रात्री वाढत असेल, तर तो मामला वेगळा आहे. शुगर, बी १२, थायरॉइड तपासा. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांनी यातला बर्फ, गरम पाणी, चिकटवायचा पॅड यातलं काहीही स्वतःहून करू नये. भाजलेलं किंवा घासलेलं कळत नाही आणि जखम होऊन बसते. घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात आग होत असेल तर शीर तिथे, वर दबलेली असू शकते. पाऊल उचलता न येणं, पाय गार किंवा निळसर पडणं, न भरणारी जखम, ताप आणि लाली, किंवा कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यात घरगुती काहीही करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना.

आता वारीचं. अजून चार-साडेचार महिने आहेत, म्हणून मी नाही म्हणत नाही. पहिले सहा आठवडे फक्त पाय शांत करा, फिरायला जाण्याचा हट्ट नको. फिटनेस टिकवायचा असेल तर सायकल चालवा, पण पॅडलवर पायाचा मधला भाग ठेवून. कळ थांबल्यावर दोन किलोमीटरपासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडंच वाढवा. दुसऱ्या दिवशी दुखलं तर मागच्या आठवड्याच्या अंतरावर या. नातेपुते ते माळशिरस, मग वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, यातले बहुतेक दिवस पंधरा-वीस किलोमीटरचे असतात, तेही सलग. निघण्याच्या पंधरा दिवस आधी तुम्हाला लागोपाठ दोन दिवस बारा-बारा किलोमीटर विनाकळ चालता आलं तर निघा. नाही आलं, तर यंदा अर्धे टप्पे दिंडीच्या वाहनातून करा आणि वाखरीपासून पंढरपूरचा शेवटचा छोटा टप्पा पायी करा. सगळ्या पालख्या जिथे एकत्र येतात तिथून तुम्ही चालत जाल.

बूट आत्ताच घ्या, वारीच्या आदल्या आठवड्यात नको. पॅडसकट त्यात किमान शंभर किलोमीटर झालेले असू देत. चालताना पाय सुजतो म्हणून अर्धा नंबर मोठे. पावसात भिजतात, तेव्हा दुसरा सुका जोड आणि चार जोड मोजे पिशवीत. अनवाणी चालण्याचा संकल्प असेल तर तो या वर्षी सोडा, डांबरी रस्त्यावर तुमच्या चवड्याला ते झेपणार नाही. वाटेत मुक्कामावर वारकऱ्यांचे पाय चेपून देणारी मंडळी बसलेली असतात, मनापासून सेवा करतात. त्यांच्यापुढे पाय केलात की आधी सांगा, पोटऱ्या आणि टाच दाबा, उजव्या पायाच्या चवड्याला हात लावू नका. तेही ऐकतात.

कागदावर पायाची रेघ ओढलीत की करंगळीकडे किती बाहेर गेली ते मला लिहून कळवा. आणि दोन आठवड्यांनी कॅलेंडरवरचे तासांचे आकडे. पॅडची जागा जमत नसेल तर ते त्या आकड्यांवरूनच मला कळेल, आणि मग पुढच्या पत्रात पॅड कुठे सरकवायचा ते सांगते.

— तुमची ताई